दुसरा होकार

सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५. बेला

पोचलो. आदिलाबादच्या स्टँडवर बेल्याची बस कुठली असं एकाला मराठीत विचारलं, त्याने तेलुगूत सांगितलं, शेजारच्याने ते हिंदीत समजावलं, आणि बसमध्ये बसल्यावर कळलं की दोघेही बेल्याचेच आणि घरी मराठीच बोलतात. परक्याच्या हातात एकदम आपली भाषा द्यायची नाही, असा इकडचा शिष्टाचार दिसतो. मला तो आवडला. तीस वर्षं वार्ताहरकी करून मी एवढा सावध कधी झालो नाही.

वामनराव मोटारसायकल घेऊन उभे होते. नांदेडच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत. तो पदार्थविज्ञान शिकायचा, मी संस्कृत. त्यामुळे आमच्या खोलीत विश्वाची उत्पत्ती दोनदा व्हायची आणि दोन्ही वेळा चहा मीच करायचो. आता तो माझा साहेब, म्हणून या वहीत त्याला आदरार्थी बहुवचन. तोंडावर वामन्याच.

पंचवीस वर्षं आम्ही दरमहा एकमेकांना पत्र लिहीत आलो. ऑगस्टात आमच्या दैनिकाची जिल्हा आवृत्ती बंद झाली, तेव्हा मी लिहिलं होतं की बायको जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि आता मी मेलो तर ती बातमी द्यायलाही पेपर उरला नाही. वामनरावांचं उत्तर चार ओळींचं आलं. ये. जागा आहे. काम बसून पाहण्याचं आहे. तुला दुसरं येतं काय?

तर आलो. वामनराव चालवतात ते खगोल केंद्र म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगचं ऑफिस. त्यामागची काट्याची खोली, जिथे पूर्वी कापसाच्या गाड्यांचं वजन व्हायचं, ती मला राहायला. शहाबादी फरशी, गजांची एक खिडकी, एक खाट. समोरच्या घरात वामनरावांची थोरली बहीण वच्छलाबाई आणि तिची मुलगी मयूरी. जेवण तिकडून. आज अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी. भाऊ, आंबट चालते न तुमाले, असं वच्छलाबाईंनी तिसऱ्यांदा वाढून झाल्यावर विचारलं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

खगोलशास्त्र हा रात्रीचा धंदा अशी माझी समजूत होती. इथे तो दहा ते पाच चालतो आणि मध्ये जेवणाची सुट्टी असते.

काम असं. अंतराळातली एक दुर्बीण आकाशाचे फोटो पाठवते. संगणक त्यातून संशयित ठिपके निवडतो, पण त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकण्याइतकं कोणी भोळं नाही, म्हणून माणसाचा डोळा लागतो. प्रत्येक ठिपक्याच्या चार चौकटी पडद्यावर येतात. पहिली आपल्याला दिसणाऱ्या उजेडाची. पुढच्या तीन अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या पलीकडच्या, उष्णतेच्या जातीच्या किरणांच्या. आपण शोधतो क्वेसार. वामनरावांनी सांगितलं की तो तारा नव्हे. मध्यभागी एक प्रचंड कृष्णविवर बसलेलं असतं आणि आजूबाजूचं सगळं गिळत असतं. जे गिळलं जातं ते जाता जाता तापतं, आणि आपल्याला दिसतो तो त्याचा उजेड. अगदी दूरच्यांचा उजेड तेराशे कोटी वर्षांपूर्वी निघालेला. वाटेत विश्व ताणलं गेलं, त्यासोबत तोही ताणला गेला, आणि येईपर्यंत डोळ्याला दिसेनासा झाला.

म्हणून पहिली चौकट रिकामी आणि पुढच्या तिन्हींत ठिपका, असं असेल तर ‘आहे’ दाबायचं. नाहीतर ‘नाही’. आधी एखाद्याचं नसणं पाहायचं आणि त्यावरून असणं ठरवायचं. अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानणारे आमचे मीमांसक इथे खुशीने नोकरीला लागले असते.

फसवणारे पुष्कळ. जवळचे थंड, खुजे तारे अगदी असेच लालसर दिसतात. पण जवळचा असला की सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन फोटोंत त्याची जागा बदललेली सापडते. नियम सोपा: दूरचा हलत नाही. हलला तो जवळचा.

आणि एकट्याच्या होकाराने काही होत नाही. एकमेकांना न विचारता दोघांनी ‘आहे’ म्हटलं, तरच ठिपका खरा. पहिला होकार, दुसरा होकार. त्यासाठीच मला बोलावलंय, वामनराव हसून म्हणाले. तू माझा दुसरा डोळा.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आज माझी शोभा झाली. वामनराव आमच्या चित्रांच्या ढिगात दर आठवड्याला सात बनावट ठिपके मिसळतात, हुबेहूब क्वेसारसारखे, आमचा डोळा जागा आहे की नाही ते पाहायला. शुक्रवारी दुपारी त्यांची यादी वाचतात. बनावटाला ‘आहे’ म्हटलेलं असेल तर डोळा जागा. सुटला असेल तर झोपलेला. मयूरी त्यांना कवड्या म्हणते. बोंडातला किडका, न उमललेला कापूस म्हणजे कवडी, आणि ती लहानपणापासून ढिगातून कवडी वेचत आलेली. तिच्या सातही सापडल्या. माझ्या चार सुटल्या. काका, तुमाले वेचाले नेलं तर गाडीभर कवडीच आणान, असं म्हणून ती इतकी हसली की वच्छलाबाई समोरून बघायला आल्या.

तेवीस वर्षांची पोर, बी.एस्सी., जिभेला धार. मी तिला एक सुभाषित म्हणून दाखवलं तर म्हणते, काका, याचा अर्थ नका सांगू, उगीच मजा जाईन.

बुधवार, ३ डिसेंबर

थंडी सुरू झाली. इकडे एवढी थंडी पडते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी नऊ वाजता तोंडातून वाफ. मी स्वेटर, शाल, कानटोपी अशा त्रिविध तापात. आणि वामनराव अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, खिडकी उघडी टाकून, मानेला ओला पंचा गुंडाळून. टेबलाखाली पाण्याचा माठ. काय रे, म्हटलं, भर हिमालयात तपाला बसलास काय? पित्त वाढलंय म्हणाले. वहिनी याच उष्णतेला कंटाळून दीड वर्षापूर्वी मुलाकडे नागपूरला गेल्या, हे वच्छलाबाईंकडून कळलं. वामनरावांचा डावा कान काळवंडलाय, पापुद्रा आल्यासारखा. त्याबद्दल विचारलं तर त्यांनी विषय बदलला.

केंद्रातली मनी मांजर मात्र दिवसभर त्यांच्याच खुर्चीमागे वेटोळं करून असते. आम्हा दोघांना ती ओळखही देत नाही.

दुपारी मामा-भाचीचं वाजलं. महिन्याचे होकार फार दिसतात, एखादा ‘सांगता येत नाही’मध्ये टाक, असं वामनराव म्हणाले. मयूरी हलली नाही. दिसलं थे दिसलं, मामा. मी नाई कशी म्हणू? वामनराव तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. रागाने नाही. भीतीने म्हणावं तर वेडेपणा होईल.

मयूरीने मला हळूच सांगितलं की संगणकातल्या तिसऱ्या ढिगाला मामा तिला हात लावू देत नाहीत. काऊन, ते तिलाही माहीत नाही.

सोमवार, ८ डिसेंबर

आज माझी बढती झाली. मयूरी आदिलाबादला दाखल्यासाठी गेली होती. वामनरावांनी तिसरा ढीग उघडला आणि पडदा माझ्याकडे वळवला. एकच ठिपका. पहिली चौकट स्वच्छ रिकामी, पुढच्या तिन्हींत टपोरा, नीट, जणू छापलेला. मी नियमाप्रमाणे जुना फोटो मागितला, हलला का ते पाहायला. ते हसले आणि कानाशी येऊन म्हणाले, अरे ही माझीच कवडी. दाब ‘आहे’, नाहीतर शुक्रवारी भाची पुन्हा तुझी वरात काढील.

परीक्षेत कॉपी केल्यासारखं वाटलं. पण गेल्या शुक्रवारीही माझ्या तीन सुटल्या होत्या, आणि पोरीसमोर तिसऱ्यांदा हसं होण्याची माझी तयारी नव्हती. पंडिताचा अहंकार, दुसरं काय. दाबलं.

वामनराव म्हणाले, तोंडाने म्हण. मला गंमत वाटली. म्हटलं, आहे बाबा, आहे.

ते खुर्चीत मागे टेकले आणि डोळे मिटून बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं.

मंगळवार, ९ डिसेंबर

वामनराव स्वेटर घालून आले! वरून मफलर, वर वच्छलाबाईंची जुनी घोंगडी. दात वाजत होते आणि चेहरा लग्नघरासारखा. बाहेर उन्हात उभे राहून तळहात चोळत होते, चहा मागत होते, पुन्हा मागत होते. दोन वर्षांनी मामाले थंडी लागली, मयूरी म्हणाली, आता पेढे वाटतीन. त्यांनी मला मिठी मारली. पंचवीस वर्षांत कधी मारली नव्हती. पित्तावर कोणतं औषध लागू पडलं विचारलं तर म्हणाले, तू आलास ना.

मला बरं वाटलं. आपल्या येण्याने कोणाचं पित्त शमेल अशी अपेक्षा नव्हती.

मनीने घर बदललं. ती आता माझ्या खोलीत असते, खाटेपासून दूर, दाराजवळच्या फरशीवर.

शुक्रवार, १२ डिसेंबर

यादी वाचली. सात कवड्या. तिसऱ्या ढिगातली त्यांत नाही.

मी म्हटलं, आठवी राहिली. वामनराव कागद घडी करत म्हणाले, सातच असतात. मयूरी म्हणाली, काका, आता नसलेल्या कवड्या बी दिसाले लागल्या काय तुमाले? मी हसलो. वामनराव हसले नाहीत.

जेवून परत आलो तर माझी खुर्ची उबदार. आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी. मयूरी घरी होती, वामनराव बाहेर उन्हात. मी उभ्याने चहा घेतला.

सोमवार, १५ डिसेंबर

नव्या ढिगाला सुरुवात. आकाशाचा पार वेगळा तुकडा. ज्याची तपासणी करायची तो ठिपका चौकटीच्या मध्यावर असतो. पण आज प्रत्येक चित्रात वरच्या डाव्या कोपऱ्यात आणखी एक आहे. पहिल्या चौकटीत नाही. पुढच्या तिन्हींत आहे. टपोरा, नीट.

बावीस चित्रं पाहिली. बावीसही चित्रांत. आणि पहिल्यापासून बाविसाव्यापर्यंत तो कोपऱ्यातून मध्याकडे सरकत गेलेला.

हलला. म्हणजे जवळचा.

मयूरीने तोच ढीग आधी तपासलाय. तिच्या नोंदीत कोपऱ्यातलं काही नाही. तिच्या नजरेतून कवडी सुटत नाही. तिला विचारायला उठलो आणि, का कोण जाणे, चहा करायला गेलो.

मंगळवार, १६ डिसेंबर

सकाळी अंगावर शाल नको झाली. वच्छलाबाई म्हणाल्या, भाऊ, ताप आहे काय? त्यांनी कपाळाला हात लावला. कपाळ थंड. मग सहज मानेमागे हात गेला आणि त्यांनी तो झटकन मागे घेतला. उन्हात बसले होते जसे, म्हणाल्या. मी पहाटेपासून खोलीत होतो.

खोलीतल्या फरश्या पायाने चाचपून पाहिल्या. सगळ्या बर्फ. दाराजवळची एक गरम. मनी बरोबर तिच्यावर.

गुरुवार, १८ डिसेंबर

वार्ताहराने शेवटी वार्ताहराचं काम केलं. दोन्ही मतं पडली की नोंद उघडी होते, कोणी कधी काय म्हटलं ते दिसतं. वामनराव जेवायला गेले असताना तिसरा ढीग उघडला.

पहिला होकार: वामनराव. १२ फेब्रुवारी २०२४.
दुसरा होकार: मी. ८ डिसेंबर २०२५.

मध्ये बावीस महिने. बनावट ठिपक्यांवर खूण असते. यावर नाही.

ट्रंकेतली त्यांची पत्रं काढली. फेब्रुवारी २०२४ नंतरची सलग वाचली. सुटी सुटी आली होती तेव्हा जिव्हाळा वाटला होता. तुझ्याकडे कोणी येतं-जातं का. पुतण्याशी अजून बोलणं नाही ना. तुझी चौकशी करणारं गावात कोणी उरलंय का. एकेका पत्रात एकेक प्रश्न. मी प्रत्येकाचं सविस्तर, विनोदाची फोडणी देऊन उत्तर पाठवलं होतं. माझी निवड होत होती. मुलाखत मी स्वतःच्या अक्षरात, वळणदार लिहून दिली.

शनिवार, २० डिसेंबर

आजपासून बहुवचन बंद.

वामनने काही नाकारलं नाही. केंद्रामागे सरकीच्या जुन्या गोदामाच्या भिंतीला टेकून, घोंगडीत, चहा फुंकत त्याने सगळं सांगितलं. तो ठिपका त्याला पहिल्यांदा दिसला आणि त्या दिवसापासून ऊब त्याच्या मागे आहे. आधी बारा पावलांवर. मग अकरा. त्याने चित्रं पाहणं सोडलं तेव्हा तिची चाल मंदावली, थांबली नाही. यंदा पोळ्याला हाक आली म्हणून त्याने मान वळवली, आणि कान तिला लागला. एवढं जवळ आलं होतं.

म्हणाला, तेराशे कोटी वर्षं निघालेलं आहे ते, पण पोचायला पत्ता लागतो. बघणारा ‘आहे’ म्हणाला की पत्ता मिळतो. दुसऱ्या कोणी डोळ्याने पाहून ‘आहे’ म्हटलं की पहिल्याला सोडतं, दुसऱ्याकडे जातं. गमतीने म्हटलं तरी चालतं. म्हणून तोंडाने म्हणायला लावलं.

मी विचारलं, मीच का. तो म्हणाला, मयूरी नाही, ताई नाही. मुलगा नाही. मग उरलं कोण? तूच लिहिलंस ना, मेलो तर बातमी द्यायला पेपर उरला नाही. ते वाक्य मी पाठ केलं, रोज म्हणत होतो, हिंमत यायला.

माझा सगळ्यात चांगला विनोद होता तो.

मी त्याचा दंड धरून त्याला पडद्यासमोर नेलं. बघ, म्हटलं, आता तू म्हण. त्याने डोळे गच्च मिटले आणि नाही, नाही, नाही म्हणत राहिला. मयूरी दारात येऊन उभी. तिला वाटलं, आम्ही म्हातारे खेळतोय.

सोमवार, २२ डिसेंबर

निघालो. सकाळची आदिलाबादची बस. खच्चून थंडी, सगळे आखडून बसलेले. दहा मिनिटांत माझ्या मागच्या बाकावर गर्दी. तिथे बरं वाटते म्हणे. एक बाई लेकराला घेऊन सरकली. ते लेकरू माझ्या खांद्यावरून मागे बघून हसायला लागलं, बोट करायला लागलं, आणि आई विचारत होती, काय हाय रे तिथं, काय हाय?

पुढच्या फाट्यावर उतरलो. चालत परत आलो. चार कोस. पाठीला ऊन, आणि सूर्य समोर.

कुठे जाणार? जिथे जाईन तिथे कोणीतरी बघेल आणि खरं बोलेल.

बुधवार, २४ डिसेंबर

मयूरी माझ्या शेजारी येऊन बसली. काका, तुमी आजारी दिसता, तुमचा ढीग पाहू द्या न मले. पडदा अर्धा तिच्याकडे वळलेला. ठिपका आता मध्यापासून बोटभर. पलीकडे वामन कागदासारखा पांढरा, उठायचंही त्याच्याने होईना.

सूड एवढा सोपा आयुष्यात कधी मिळाला नव्हता. पडदा वीतभर वळवायचा, बस. त्याने जिला वाचवलं तीच त्याच्या डोळ्यांदेखत. आणि मी थंड. मी शाल पांघरून घरी. ती म्हणालीच असती. तिला दुसरं येतच नाही.

बोट बटणावर होतं. किती वेळ, माहीत नाही.

मग पडदा बंद केला. तिला म्हटलं, जा, तुझ्या आईला मदत कर. ती रुसली. तुमी बी मामासारखेच, म्हणाली.

नाही. तेवढं तरी नाही.

शुक्रवार, २६ डिसेंबर

तिसरा ढीग पुसला. माझ्या नावाचे सगळे ढीग पुसले. काही फरक नाही. त्याला चित्राची गरज आता नाही —

खोली आतून बंद. वच्छलाबाईंना सांगितलं, लागट आजार आहे, डबा खिडकीत ठेवा, पोरीला पाठवू नका. त्यांनी कडू काढा पाठवला. प्यालो.

ऊब आता पाच फरश्यांवर.

रविवार, २८ डिसेंबर

चार.

वामन खिडकीशी येऊन गेला. रडत होता, थंडीने की कशाने. विचारलं, शेवटी काय होतं? म्हणाला, शेवटपर्यंत मी राहिलो कुठे.

खरं आहे. ते पाहायला मला आणलेलं.

सोमवार

तीन. नाही, अडीच. मनी खाटेखाली आली. झोपते. सुखाने झोपते.

भिंतीला टेकत नाही. मान वळवत नाही. पाण्याचा माठ पायाशी. आता कळलं त्याचा माठ.

उजेड दिसत नाही. काही दिसत नाही. नुसतं — जसं कोणी तोंड जवळ आणून श्वास रोखून —

मंगळवार, ३० डिसेंबर

एक फरशी.

आठवतंय ते म्हणत बसतो. रूपं, धातू, काहीही. आवाज मोठा ठेवला की मागचं —

शर्ट पाठीला चिकटला. सोलून काढावा लागला.

मयूरीने दारावर थाप मारली. गेली. चांगलं झालं. बोललो नाही.

कोणी विचारलं तर नाही म्हणा. जो कोणी ही वही वाचेल त्याने — काही नव्हतं. म्हातारा भ्रमिष्ट होता. एवढंच म्हणा.

गुरुवार, १ जानेवारी. सकाळ

फरशी उरली नाही. केस जळल्याचा वास.

मान ताठ ठेवून लिहितो आहे. मनी मांडीवर, घुरघुरते.

बाहेर धुकं. पाच अंश असेल. मयूरी खिडकीशी. डबा. आईने पाठवलं नाही, चोरून आली. दार उघडा म्हणते. काका, सहा दिवस झाले. जा म्हणालो. ओरडलो. वाईट बोललो. हलत नाही.

गजांना तोंड लावून बघते आहे. माझ्याकडे नाही. माझ्या डोक्यावरून, मागे —

काका, थे काय होय?

काही नाही. काही नाही म्हण. तिला म्हणालो, पोरी, हात जोडतो, एवढं एकदा खोटं बोल, नाही म्हण —

पन हाय न काका, म्हणते. मले दिसून राह्यलं. मी नाई कशी —

मनी उठली. मांडीवरून. खिडकीत. गजांतून बाहेर, तिच्या पायाशी, वेटोळं —

डबा पडला. ती मागे बघत नाही अजून. मयूरी, मान नको वळवू, मान —

शाल. शाल कुठे टाकली. हात कापतो आहे, अक्षर — मला थंडी वा